स्वतःचे फडताळ आणि परक्याची वखार

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. नगरहून बीडकडे निघालेल्या माणसाला ते आष्टीच्या अलीकडे लागते. नगर-बीड-परळी हा लोहमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. त्यावरून आष्टीपर्यंतची गाडी धावू लागली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीडचे स्थानक गाठायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. आगगाडीसाठी या भागाने पाव शतकाहून अधिक काळ वाट पाहिली. मोबाईल मात्र कोणी न मागता घरोघर आला. आता शाळेतील शिक्षक, पतसंस्थेतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी आणि ऊसतोडीच्या टोळीतील तरुण या सर्वांच्या तोंडी एकच तक्रार आहे : फोनमध्ये जागा उरली नाही.

ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकाने भारतीयांच्या ‘सुप्रभात’ संदेशांवर एक वृत्तान्त छापला होता. फुले, सूर्योदय आणि सुविचार यांच्या चित्रांनी भारतातील फोन तुंबून जातात, असा त्याचा आशय. साठवणयंत्रे बनविणाऱ्या वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा आकडाही त्यात होता : भारतात तीनांपैकी एका फोनधारकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाची. हा वृत्तान्त वाचून पुष्कळांची करमणूक झाली. परंतु तुंबलेल्या फोनात केवळ सूर्योदय नसतात. त्यांच्याच गर्दीत मुलीच्या जातीच्या दाखल्याचे छायाचित्र असते, पीकविम्याची पावती असते, परीक्षेचे प्रवेशपत्र असते, नगरच्या दवाखान्यात काढलेल्या तपासण्यांचे कागद असतात. मुकादमाच्या वहीतील उचलीचा हिशेब असतो. गेल्या वर्षी वारलेल्या वडिलांचा आवाजही तेथेच कोठे तरी असतो. फोन हे घरातील फडताळ झाले आहे, आणि फडताळ भरले की घरातल्या माणसाला काहीतरी बाहेर काढावेच लागते. काय काढावे व कोठे ठेवावे, हा खरा प्रश्न आहे.

साठवणीचा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. माळवदाच्या जुन्या घरांतून भिंतीच्या पोटात बळद असे, जमिनीखाली पेव असे. पेवाचे तोंड मातीने लिंपून बंद करीत. ते उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आतला कोंडलेला वायू जीव घेतो, हे लहान मुलालाही ठाऊक असे. पेव कोठे आहे, त्यात काय आहे, किती आहे आणि ते कसे उघडावे, या चारही गोष्टींचे ज्ञान घरातच होते. पुढे वखारी आल्या. महाराष्ट्रात राज्य वखार महामंडळ १९५७ पासून काम करीत आहे. शेतकऱ्याने आपले धान्य परक्याच्या छपराखाली ठेवावे, ही कल्पना प्रथम कित्येकांना रुचली नसेल. परंतु वखारीने धान्याच्या मोबदल्यात एक पावती दिली, आणि त्या पावतीवर बँकेने कर्ज दिले. २००७ च्या वखारविषयक केंद्रीय कायद्याने त्या पावतीला हस्तांतरणाचेही बळ दिले. माल परक्याकडे गेला, पण मालकी आणि तिचा पुरावा मालकाकडेच राहिला. वखारीवरचा विश्वास हा वस्तुतः त्या पावतीवरचा विश्वास आहे.

ज्याला आज ‘क्लाउड’ म्हणतात ती अशीच एक वखार होय. नाव मात्र फसवे आहे. आष्टी-पाटोद्याकडील लोकांना ढग या वस्तूचा अनुभव तसाही चांगला नाही. तो येतो, अंधारून आणतो आणि पुढच्या तालुक्यात जाऊन बरसतो. परंतु माहितीचा हा ढग आभाळात कोठेच नसतो. त्याच्या इमारती असतात, त्यांना कुंपण असते, पहारेकरी असतात, प्रचंड वीज लागते आणि यंत्रे थंड ठेवण्याची अहोरात्र व्यवस्था करावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबई परिसरात आपापली केंद्रे उघडली. ऐरोली-महापेच्या बाजूला आणि पनवेलकडे अशा वखारींची रांगच उभी राहिली आहे. फोनमधील छायाचित्र ‘वर’ गेले असे आपल्याकडे म्हणतात. ते वर जात नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावर जाते. अर्थात ते यंत्र येथलेच असेल असेही नाही. सामान्य ग्राहकाचे छायाचित्र नेमके कोणत्या देशातील कोणत्या इमारतीत पडून आहे, हे कंपनी त्याला सांगत नाही, आणि तोही विचारीत नाही.

तरीही ही सोय मोलाची आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. दसऱ्यानंतर आष्टी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतील टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. चार-सहा महिने घराला कुलूप असते आणि बिऱ्हाड कोपीत असते. कोपीत कागद टिकत नाही. पाचटाला आग लागते, अवकाळी पाऊस येतो, उंदीर येतात. फोनही टिकतोच असे नाही. फडात तो पडतो, ट्रॅक्टरच्या चाकाखाली जातो, पाण्याच्या टाकीत बुडतो. अशा माणसाजवळ उचल किती घेतली आणि किती फिटली, याचा पुरावा म्हणजे मुकादमाच्या वहीच्या पानाचे फोनवर घेतलेले छायाचित्र एवढाच असू शकतो. ते छायाचित्र फोनबरोबर नष्ट झाले तर पुढच्या हंगामात वहीत जे लिहिलेले असेल तेच खरे. तेच जर कोपीबाहेरच्या एखाद्या वखारीत सुरक्षित असेल, तर नवा फोन घेतल्यावर ते पुन्हा हाती येते. क्लाउडची खरी गरज महानगरातील हौशी छायाचित्रकारापेक्षा या माणसाला अधिक आहे. दुर्दैवाने त्याच्यापर्यंत ही सोय पोचते ती अर्धवट, आणि अर्धवट सोय कधी कधी सोय नसण्यापेक्षा घातक ठरते.

प्रथम जागेचा हिशेब पाहावा. गुगलच्या खात्यावर फुकट मिळणारी जागा १५ जीबी आहे. ॲपलकडे ती ५ जीबी आहे. गुगलच्या या १५ जीबीत पत्रव्यवहार, कागदपत्रे व छायाचित्रे असे तिन्ही एकत्र राहतात. काही वर्षे गुगल छायाचित्रांना किंचित बारीक करून अमर्याद जागा फुकट देत असे. ती उदारता १ जून २०२१ रोजी संपली. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपच्या संभाषणांची राखीव प्रतही याच १५ जीबीत मोजली जाऊ लागली. आजच्या फोनने काढलेले एक छायाचित्र सरासरी ४ एमबीचे धरले, तर १५ जीबीत सुमारे ३,७५० छायाचित्रे मावतात. दिवसाला वीस या बेताने ती जागा सहा महिन्यांत संपते. आणि चित्रफिती धरल्या तर त्याआधीच. म्हणजे फोनमधील अडचण सोडविण्यासाठी ज्या वखारीत माल हलविला, तीही पुढच्या दिवाळीपर्यंत भरून जाते. मग १०० जीबीसाठी दरमहा सुमारे १३० रुपयांची मागणी येते. रक्कम मोठी नाही. परंतु हे भाडे आहे, खरेदी नव्हे. ते जन्मभर द्यावयाचे आहे, आणि माल जसजसा वाढेल तसतसे वाढणारे आहे. एकदा पंधरा वर्षांची छायाचित्रे तेथे जाऊन बसली की भाडेकरूला घर बदलणे किती कठीण जाते, हे घरमालकाला उत्तम कळते.

जागा भरल्याची शिक्षा छायाचित्रांपुरती राहत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मर्यादा ओलांडलेल्या खात्यावर ई-पत्रे येणेही थांबते. प्रवेशाची, शिष्यवृत्तीची किंवा मुलाखतीची सूचना पाठविणाऱ्याकडे परत जाते, आणि लग्नाच्या वरातीच्या चित्रफिती मात्र खात्यावर सुखाने नांदत असतात. मर्यादा ओलांडलेली स्थिती दोन वर्षे राहिली तर आतील मजकूर काढून टाकण्याचा अधिकारही कंपनीने आपल्याकडे ठेवला आहे.

दुसरी गोष्ट माल वाहून नेण्याची. शहरात तारेने येणारे इंटरनेट असते, खेड्यात मोबाईलच्या मनोऱ्यावर भिस्त. तेथून माहिती खाली येते त्या मानाने वर चढते फार हळू. सेकंदाला २ मेगाबिट हा वेग अखंड मिळाला असे गृहीत धरले, तरी १५ जीबी चढवायला सुमारे सतरा तास लागतात. रोज दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या ग्राहकाने तिचा कणही दुसऱ्या कामाला लावला नाही, तरी हे काम आठ-दहा दिवसांचे आहे. वास्तविक ते महिनोन् महिने रेंगाळते आणि अर्धे झालेले असतानाच फोनधारकाचा असा समज होतो की ‘सगळे वर गेले’. याच समजुतीने तो फोनमधील छायाचित्रे पुसावयास बसतो.

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. क्लाउडचे दोन व्यवहार आहेत आणि बहुसंख्य लोक त्यांना एकच समजतात. एक, राखीव प्रत ठेवणे. दुसरा, दोन ठिकाणची पाटी सारखी ठेवणे. फोन आणि वखार यांची पाटी जेथे सारखी ठेवलेली असते तेथे एका बाजूला पुसले की दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते. गुगलच्या छायाचित्रांच्या दालनातून एखादे चित्र हाताने काढून टाकले तर ते फोनमधूनही जाते आणि वखारीतूनही. कचरापेटीत ते साठ दिवस पडून राहते, त्यानंतर ते कोणालाच परत आणता येत नाही. याउलट त्याच दालनात ‘जागा मोकळी करा’ अशी एक निराळी कळ आहे. ती दाबली असता जी चित्रे वर पोचल्याची खात्री झाली आहे तेवढ्यांच्याच फोनमधील प्रती काढल्या जातात, वरच्या प्रती राहतात. दोन कळांत बोटभर अंतर, आणि परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक. हा फरक फोन विकणारा सांगत नाही, कारण त्याला वेळ नसतो. शाळेत शिकविला जात नाही, कारण तो अभ्यासक्रमात नाही.

याला जोडून आणखी एक अडचण आहे. छायाचित्रे आपोआप वर चढविण्याची सोय सामान्यतः कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रांपुरतीच चालू असते. व्हॉट्सॲपवर आलेली चित्रे निराळ्या कप्प्यात पडतात, आणि तो कप्पा मुद्दाम निवडल्याशिवाय त्यातील काही वर जात नाही. आता खेड्यातील व्यवहार पाहिला तर महत्त्वाचे कागद येतात ते व्हॉट्सॲपवरूनच. भावाने तहसिलातून पाठविलेला उतारा, महाविद्यालयाच्या कार्यालयाने पाठविलेले गुणपत्रक, डॉक्टरांच्या मदतनिसाने पाठविलेला अहवाल. सूर्योदयाची चित्रेही याच कप्प्यात असतात. कप्पा वगळला तर कागद राहून जातात, कप्पा निवडला तर सूर्योदयांनी १५ जीबी भरते. या पेचातून यंत्र सोडवू शकत नाही. आठवड्यातून एकदा माणसानेच बसून निवडणे-पाखडणे भाग आहे. आजीच्या सुपाचे काम नातवाच्या बोटावर आले आहे, एवढाच काय तो बदल.

परंतु या सर्वांपेक्षा मोठा धोका किल्लीचा आहे. खेड्यातील असंख्य माणसांनी आपले गुगल खाते स्वतः उघडलेलेच नाही. फोन विकत घेताना दुकानदाराने ते काउंटरवर दोन मिनिटांत उघडून दिले, आपल्याला सुचेल तो संकेतशब्द टाकला, कित्येकदा पडताळणीसाठी आपलाच क्रमांक दिला. ग्राहकाला आपल्या खात्याचे नावही ठाऊक नसते. फोन चालू आहे तोवर याची काही बाधा होत नाही, कारण दार उघडेच असते. फोन फुटला, हरवला किंवा बदलला की दार बंद होते. नवा फोन नाव विचारतो, संकेतशब्द विचारतो, आणि पाच वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमवर पडताळणीचा आकडा पाठवितो. वखारीत माल शाबूत आहे, परंतु पावती दुसऱ्याच्या नावावर! ज्या ऊसतोड कामगाराच्या हिशेबाचे छायाचित्र वर सुरक्षित आहे असे वर म्हटले, त्याची ही गत सहज होऊ शकते. पेवाचे तोंड कोठे लिंपले ते घरात कोणालाच ठाऊक नसावे, तशी ही अवस्था.

किल्ली हाती असूनही वखार दगा देणार नाही, असेही नाही. मायस्पेस या एके काळच्या बलाढ्य संकेतस्थळाने मार्च २०१९ मध्ये कबूल केले, की यंत्रे हलविताना २०१६ पूर्वी लोकांनी तेथे ठेवलेली गाणी, छायाचित्रे व चित्रफिती नष्ट झाल्या. ज्यांनी आपल्या एकमेव प्रती तेथे ठेवल्या होत्या त्यांना हळहळण्यापलीकडे मार्ग उरला नाही. दक्षिण कोरियाचे उदाहरण तर सरकारी खात्यांनी भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. तेथील शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक सामाईक क्लाउड उभारला होता, आणि कामाचे कागद स्वतःच्या संगणकावर न ठेवता तेथेच ठेवावेत असे सांगितले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील त्या केंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली. ८५८ टेराबाइट माहिती जळून गेली आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे प्रत ठेवणे शक्य झाले नाही, असे कारण पुढे आले. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा.

खाजगी कंपन्यांची केंद्रे एकाहून अधिक ठिकाणी प्रती ठेवतात, त्यामुळे तेथे आगीचे भय त्या मानाने कमी. तेथे भय असते ते नियमांचे. अमेरिकेतील एका पित्याने आजारी मुलाची छायाचित्रे डॉक्टरांना दाखविण्यासाठी घेतली. यंत्राने ती आक्षेपार्ह ठरविली आणि गुगलने त्याचे संपूर्ण खाते बंद केले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविल्यावरही खाते परत मिळाले नाही, असे २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केले. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरणही गुगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणले आहे. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेल्या, फोन बदललेल्या आणि जुने खाते विसरलेल्या शिक्षकाला हे धोरण कोणी कळविणार? सूचना जाते ती त्या जुन्याच खात्यावर.

कागदाची किंमत काय असते, हे मराठवाड्याने गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतील गाठोडी सुटली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. आरक्षणाच्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढेच पाहावयाचे, की शंभर वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने बोरूने लिहिलेली ओळ एका घराच्या पुढच्या पिढीच्या शिक्षणाशी जाऊन भिडली. आणि ती ओळ टिकली होती, कारण तिच्या जपणुकीची जबाबदारी एका कचेरीवर होती. आता त्या नोंदीचे फोनवर घेतलेले छायाचित्र कित्येक घरांत सूर्योदयांच्या मागे-पुढे पडून आहे. १९५४-५५ च्या खासरा पत्रकाच्या नकलेचीही हीच गत.

म्हणून जागा मोकळी करण्यापूर्वी एक भेद करणे अगत्याचे ठरते. काही वस्तू पुन्हा मिळणाऱ्या असतात, काही पुन्हा न मिळणाऱ्या. सातबाऱ्याचे छायाचित्र जिवापाड जपण्याची आज गरज नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आहे; तो हवा तेव्हा थोड्या शुल्कात पुन्हा काढता येतो, आणि कायदेशीर कामाला फोनमधील छायाचित्रापेक्षा तोच उपयोगी पडतो. केंद्र सरकारने १ जुलै २०१५ रोजी सुरू केलेल्या डिजिलॉकरचेही तसेच आहे. त्यात दोन प्रकारचे कागद राहतात व त्यांची सरमिसळ नेहमी होते. ज्या कार्यालयाने कागद दिला त्याच्याकडूनच जो थेट येतो, त्याला २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार मूळ कागदाइतकेच मोल आहे. जो स्वतः छायाचित्र घेऊन चढविलेला असतो तो केवळ छायाचित्र होय, आणि त्यासाठी जागाही १ जीबीच आहे. गुणपत्रक, वाहनपरवाना, आधार हे पहिल्या प्रकाराने घेतले तर फोनमधील त्यांच्या दहा-दहा प्रती निर्धास्तपणे पुसता येतात.

वडिलांचा आवाज कोणत्याही कार्यालयातून पुन्हा मिळत नाही. मुकादमाच्या वहीचे पान, आजीने सांगितलेली जात्यावरची ओवी, जुन्या घराचे माळवद पाडण्यापूर्वी काढलेले चित्र, आरोग्याचे जुने अहवाल यांनाही दुसरा धनी नाही. अशा वस्तूंची संख्या कोणत्याही घरात दोन-चारशेच्या वर क्वचितच जाते. त्यांना १५ जीबीही लागत नाही. त्या क्लाउडवर असाव्यातच. पण त्याखेरीज एका पेनड्राइव्हवर किंवा नातलगाच्या संगणकावरही असाव्यात, आणि वर्षातून एकदा त्या उघडतात की नाही हे पाहिले जावे. पेनड्राइव्हलाही आयुष्य असते. ट्रंकेत दहा वर्षे ठेवलेला तो उघडेलच याची हमी नाही. राहिलेला सगळा पसारा, म्हणजे शुभेच्छा, पुढे ढकललेल्या चित्रफिती, एकाच प्रसंगाची वीस छायाचित्रे, हा वखारीत पाठवून भाडे भरण्याच्या लायकीचा नसतो. तो पुसावयाचाच असतो. क्लाउडने लोकांना निवडण्याच्या कष्टांतून सोडविले असे म्हणतात. खरे पाहता त्याने ते कष्ट पुढे ढकलले आणि त्यांवर व्याज लावले.

शिक्षकांच्या बाबतीत मात्र हा उपदेश अपुरा आहे, कारण त्यांच्या फोनमधील गर्दी सर्वस्वी त्यांची नाही. शासनाने ३ नोव्हेंबर २०१६ च्या निर्णयाने शिक्षकांना विद्यार्थ्यांसह ‘सेल्फी’ काढून ‘सरल’ प्रणालीत चढविण्यास सांगितले होते. शिक्षकांचा त्याला मोठा विरोध झाला. तो एक निर्णय बाजूला ठेवला तरी उपक्रम झाला की त्याचे छायाचित्र पाठवावे ही प्रथा पक्की झाली आहे. वृक्षारोपण, पोषण आहार, प्रभातफेरी, स्वच्छता, पालकसभा, प्रत्येकाचा पुरावा शिक्षकाच्या खाजगी फोनात जन्म घेतो, केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर जातो, आणि उद्या कोणी विचारले तर असावा म्हणून फोनातच राहतो. फोन शिक्षकाचा, इंटरनेटचे पैसे शिक्षकाचे, आणि जागा संपल्यावर दरमहाचे भाडेही शिक्षकाचेच. पूर्वी शाळेच्या दप्तरासाठी लोखंडी कपाट मिळत असे. ते गंजलेले असे, पण शाळेचे असे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने शासकीय क्लाउडची व्यवस्था सुरू केली. खात्यांची मोठमोठी कामे त्यावर चालतात. त्यातील एखादा कोपरा प्रत्येक शाळेच्या नावे मिळाला, मुख्याध्यापकाच्या पदाशी त्याची किल्ली बांधली गेली आणि बदलीबरोबर ती पुढच्याकडे गेली, तर खाजगी फोनांवरचा हा वेठीचा भार उतरेल. मुलांची छायाचित्रे शिक्षकांच्या खाजगी खात्यांवर वर्षानुवर्षे पडून राहणे हे मुलांच्या दृष्टीनेही बरे नाही; ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. तोवर शिक्षण खात्याला विचार करण्यास अवधी आहे.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी वापरावेत, त्याचे नाव देण्याची मुभा त्यात आहे. कंपन्यांनी अशी सोय आधीच ठेवली होती. गुगलच्या खात्यात ती २०१३ पासून आहे : खाते तीन ते अठरा महिने निष्क्रिय राहिले तर कोणाला कळवावे आणि आतील काय द्यावे, हे सांगून ठेवता येते, दहापर्यंत नावे देता येतात. ॲपलने तशी व्यवस्था २०२१ च्या अखेरीस केली. विम्याच्या आणि बँकेच्या अर्जावर वारसाचे नाव लिहिताना ज्या शिक्षकाची किंवा कारकुनाची लेखणी क्षणभरही अडत नाही, त्याने खात्याच्या या पानाकडे बहुधा कधी पाहिलेले नसते. ते भरायला पाच मिनिटे लागतात. त्यात पडताळणीसाठी एक मोबाईल क्रमांक विचारला जातो. तो क्रमांक दुकानदाराचा नाही, एवढे त्या वेळी पाहून घ्यावे.